पासष्टच्या पुढचे नकोत
हात्सुए कुबोताला राग यायला वेळ लागत नसे, पण त्या दुपारी सार्वजनिक न्हाणीघरात जे कानावर आलं त्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ओसाकाच्या पूर्वेला, कारखान्यांच्या वस्तीत, तिच्या घराला लागूनच तिची सहा खोल्यांची लाकडी इमारत होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं राबून नवऱ्याच्या जोडीने घेतलेली. नवरा गेल्यावर भाडेकरू बघायचं काम तिने एजंटकडे सोपवलं. वरची कोपऱ्यातली खोली मार्चपासून रिकामी होती. एजंट निशिवाकीचं पालुपद ठरलेलं : "कुणी फिरकतच नाही, बाई. मोरी नवी करून घ्या, आमचीच माणसं देतो."

आणि आज मित्सुयो, एके काळी तिच्यासोबत शाळेत भात शिजवणारी, केस पुसत म्हणाली, "तुझ्या खोलीसाठी मी मार्चमध्येच गेले होते. तुझ्या एजंटने दारातूनच वाटेला लावलं."

"का?"

"म्हातारी म्हणून. 'खोलीत मेलात तर मालकिणीने काय करायचं?' असं तोंडावर विचारलं त्याने."

ओल्या केसांनीच हात्सुए एजंटच्या कचेरीत शिरली. "माझ्या मैत्रिणीला हाकलणारा तू कोण रे?"

निशिवाकीने शांतपणे फाइल काढली. "नियम तुमचाच आहे. 'पासष्टच्या पुढचे नकोत.' खाली शिक्का बघा."

सहीऐवजी मारायचा तो शिक्का तिचाच होता. नवऱ्याच्या मृत्यूनंतरचे एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकले त्या आठवड्यात कागदांची चळत आली होती. तिने न वाचता शिक्के मारले होते.

"हे मला वाचून दाखवलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मी अडुसष्टची आहे! उद्या माझं घर जळलं तर माझ्याच इमारतीत मला थारा नाही! आणि कुणी फिरकत नाही म्हणत होतास. किती जणांना परत पाठवलंस?"

त्याने वही चाळली. "अकरा."

"अकरा!" तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "ती ओळ खोड. आत्ता, माझ्यासमोर. आणि किल्ली दे. पुढचे भाडेकरू मी स्वतः बघेन."

ओळ खोडली गेली. पान पूर्ण वाचून मगच तिने त्यावर शिक्का मारला.

मित्सुयो पुतण्याकडे, अडगळीच्या खोलीत राहत होती. निशिवाकीला कसं झापलं ते सांगून हात्सुएने किल्ली पुढे धरली. "चल. सकाळी तुझी खिडकी उघडलेली दिसली नाही, तर मी वर येईन. मेलीस तरी पडून राहायची नाहीस."

मित्सुयोने किल्ली घेतली नाही. "नियमाचा कागद त्याने मलाही दाखवला होता. खालचा शिक्का कुणाचा होता?"

"माझा."

"मग त्याच्यावर कसली ओरडून आलीस? आठ महिने मी न्हाणीघरात तुझ्याशी बोलत नव्हते. आज राहवलं नाही म्हणून बोलले. तुझ्या लक्षात तरी आलं होतं का?"

हात्सुएच्या लक्षात आलं नव्हतं.

"खोली घेईन," मित्सुयो म्हणाली, "पण मेहेरबानी म्हणून नाही. भाडेकरू म्हणून. करार आधी मी वाचणार."

डिसेंबरात ती राहायला आली आणि तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी जिन्यातून ओरडली, "मालकीणबाई! खिडकी अडकतेय! थंडीने मारायला ठेवलंय का?"

हात्सुए रागाने धुमसत, पेचकस घेऊन जिना चढली. खिडकी खरंच अडकत होती. मित्सुयोने चहा विचारला नाही, पण हातातला दिवा मात्र तिने काम संपेपर्यंत नीट धरला.