हरणाबाईची बोली

"भाकऱ्यांना हात लावू नका, त्या दवाखान्याच्या हायत."

धनाजीनं दुरडीकडं नेलेला हात मागं घेतला. चुलीवर एक भाकरी टम्म फुगली होती. हरणाबाईनं ती उचलून दुरडीतल्या चळतीवर ठेवली आणि दुसऱ्या गोळ्याला हात घातला.

"मग म्या काय खायचं?"

"तुमाला करते की मागनं. पयलं त्यांचं. अक्षदाताई रिक्षा घेऊन येतीलच."

तव्यावरची पहिली भाकरी जन्मभर धनाजीची होती. एसटीत ड्रायव्हर होता तेव्हा पहाटेच्या गाडीआधी ती त्याच्या डब्यात पडायची. मुक्कामाची ड्युटी करून दुसऱ्या दिवशी परतला, की तवा पुन्हा तापायचा. आता निवृत्त होऊन तो पूर्ण वेळ घरात होता, आणि पहिली भाकरी दवाखान्यात चालली होती.

बाहेर रिक्षा वाजली. हरणाबाईनं हात धुतले, पदर झटकला आणि कोनाड्यातला जिव्हाळा सेवा क्लबचा बिल्ला छातीवर लावला. त्यावर तिचं नाव छापलेलं होतं. रिक्षातल्या बायका ओरडल्या, "हरणाताई, चला!" आणि ती निघालीसुद्धा. मुरूम गावात इतकी वर्षं ती धनाजी ड्रायव्हरची बायको होती. आता दवाखान्यापासून बाजारापर्यंत लोक तिला हरणाताई म्हणून ओळखत होते. परवा तर भाजीवाल्यानं धनाजीलाच विचारलं होतं, "तुमी हरणाताईंचे मालक ना?"

क्लबात जायला आधी ती तयारच नव्हती. शाळेत शिकवणाऱ्या अक्षदानं तिला ओढून नेलं. आसपासच्या खेड्यांतून सरकारी दवाखान्यात येणाऱ्या पेशंटबरोबर एखादं माणूस असतं, त्याच्या जेवणाचे हाल होतात. क्लबच्या बायका घरोघरी भाकरी-भाजी करून त्यांना वाढायच्या. कुणी एकटं असलं तर त्याच्याजवळ बसायच्या. सुरुवातीला धनाजीला बरं वाटलं होतं. बायको चार माणसांत जाते, पुण्याचं काम करते. पण हळूहळू संध्याकाळचं तिचं बोलणं त्याच्या कानात खुपायला लागलं. त्यात एक नाव सारखं यायचं.

"गुरुसिद्धप्पा अण्णा आज उठून बसले."

"अण्णाला तिखट चालत न्हाय, म्हणून येगळी भाजी केली."

"कोण हाय ह्यो अण्णा?" एकदा धनाजीनं विचारलं.

"हाय एक म्हातारा. आळंदकडचा, तिकडं कर्नाटकातला. मांडीचं हाड मोडलंय. पुतण्यानं आणून टाकलंय, जवळ कोण न्हाय."

धनाजीच्या डोक्यातून ते नाव जाईना. भाकरीवरून हात मागं घ्यावा लागला त्या दुपारी, रिक्षा गेल्यावर त्यानं स्कूटर काढली आणि दवाखाना गाठला. पुरुषांच्या वॉर्डाच्या दाराशी आला आणि थबकला.

खाटेवर एक हडकुळा म्हातारा टेकून बसला होता. समोर स्टुलावर हरणाबाई होती. ती हात हलवून, मान वाकडी करून भराभर कानडीत बोलत होती. म्हातारा काहीतरी म्हणाला आणि ती हसली. तोंडाला पदर न लावता, खदखदून. शेजारच्या खाटेवरचे लोकही हसायला लागले.

धनाजीला कानडी येत नव्हती. सीमेवरच्या गावात राहून बा म्हणजे ये, ऊरू म्हणजे गाव, रोट्टी म्हणजे भाकरी, असे दोन-चार शब्द तेवढे कानावर पडलेले. हरणाबाईचं माहेर मात्र पलीकडचं, कानडी मुलखातलं. लग्न होऊन आली तेव्हा ती तोंड उघडलं की कानडीच बोलायची. सासूनं पहिल्याच महिन्यात सांगितलं, "ह्या घरात कानडी चालायची न्हाय. पोरं धड हिकडची व्हायची न्हाईत, धड तिकडची." धनाजीही तेव्हा तिच्या बोलण्याची नक्कल करून हसला होता. ती मराठी शिकली. पुढं भाऊ वारला, माहेरचं दार बंद झालं, आणि तिची कानडी कुणाला आठवलीही नाही.

दारात उभं राहून त्याला वाटलं, ही बाई आपण कधी पाहिलेलीच नाही. तिचं असं हसणं आपल्या घरात कधी झालं नाही. आणि ते एका खाटेवरच्या म्हाताऱ्याला फुकट मिळतंय. तिला न भेटताच तो माघारी फिरला. रस्त्यातच स्कूटर लावून त्यानं अक्षदाला फोन केला.

"मॅडम, हरणाला आता जमणार न्हाय. गुडघे लई दुखत्यात तिचे. नाव काढा तिचं."

"अहो काका, आत्ता तर इथंच होत्या. काही बोलल्या नाहीत."

"ती न्हाय बोलायची. म्या सांगतोय ना. उद्यापासून रिक्षा पाठवू नका."

दुसऱ्या दिवशी दुरडी बांधून, बिल्ला लावून हरणाबाई दारात उभी राहिली. रिक्षा आली नाही. ती आत आली, पुन्हा बाहेर गेली. शेवटी तिनं फोन लावला. पलीकडचं ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. "बरं, ताई," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

धनाजी पेपर समोर धरून बसला होता.

"माझे गुडघे कधी दुखले वो?" तिनं विचारलं.

त्यानं पेपरचं पान उलटलं. तिनं बिल्ला काढून कोनाड्यात ठेवला आणि दुरडी त्याच्यासमोर सरकवली. "खावा. समद्या तुमच्याच हायत."

त्यानंतर घरात रोज तवा तापला. पहिली भाकरी त्याच्या ताटात पडत होती, सोबत हवी ती भाजी. पण संध्याकाळी कोण उठून बसलं, कुणाचं पोर बरं झालं, हे सांगणारं कुणी नव्हतं. विचारलं तेवढंच उत्तर यायचं. धनाजीला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि घास गिळवत नव्हता. क्लबात जा म्हटलं तरी ती जाईना. "जात न्हाय म्हणून सांगितलंय तुमी. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

एका सकाळी तिनं ताट वाढलं तसं त्यानं ते बाजूला सारलं, भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि एकटाच दवाखान्यात गेला. अक्षदा व्हरांड्यात भाजी वाढत होती.

"मॅडम, गुडघ्याचं म्या खोटं सांगितलं," तो म्हणाला.

अक्षदानं पळी खाली ठेवली. "काका, रिक्षा तेवढी थांबवली होती, ती उद्या पाठवते. नाव आम्ही काढलेलंच नाही. सभासदानं स्वतः सांगितल्याशिवाय काढत नाही आम्ही. नवऱ्याच्या सांगण्यावरून तर नाहीच."

धनाजीनं मान खाली घातली. भाकऱ्या तिच्या हवाली केल्या, एक तेवढी ठेवून घेतली आणि वॉर्डात गेला. गुरुसिद्धप्पांची खाट आवरलेली होती, कडेला ते टेकून बसले होते. पुतण्या त्यांना गावी न्यायला आला होता, औषधांची पिशवी भरत होता.

"म्या हरणाबाईचा मालक," धनाजी म्हणाला.

म्हाताऱ्यानं त्याला निरखून पाहिलं. "बाई का येईना? आजारी हाय काय?" त्यांची मराठी मोडकी होती.

"न्हाय. म्याच येऊ दिली न्हाय."

धनाजीनं पुढं केलेली भाकरी त्यांनी घेतली, वास घेतला आणि जवळच्या पिशवीत ठेवली. मग त्याचा हात धरून कानडीत एक वाक्य म्हणाले. त्याला कळलं नाही हे पाहून पुन्हा म्हणाले, सावकाश. "तिला सांग. असंच सांग."

धनाजीनं त्यांच्यासमोर ते म्हणून दाखवलं. चुकलं, त्यांनी सुधारलं. बा आणि ऊरू तेवढं त्याला ओळखू आलं. हा म्हातारा माझ्या बायकोला त्याच्या गावाला बोलावतोय! तरीही स्कूटरवर वाटभर तो ते वाक्य पुटपुटत राहिला. रस्त्यात ओळखीच्यानं हाक मारली तरी थांबला नाही. बोललो तर विसरू, असं त्याला वाटलं.

हरणाबाई अंगणात धुणं वाळत घालत होती. तिच्यासमोर उभा राहून तो शाळेतल्या पोरासारखा म्हणाला, "तंगी, ऊरिगी बा. निन्न तवरमनी अद."

तिच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं.

"गुरुसिद्धप्पांनी सांगितलंय. घरी गेले ते आज." मग राहवेना म्हणून त्यानं विचारलं, "तंगी म्हंजी काय?"

"धाकटी बहीण."

"आन् ते तवरमनी?"

"माहेर," ती म्हणाली. "ये म्हणत्यात गावाला. तुझं माहेर हाय म्हणत्यात."

धनाजी पायरीवर बसला. म्हणाला, "मॅडमनी नाव काढलं न्हाय तुझं. उद्या रिक्षा येईल." आणि मग, "आळंदला जायचं तर म्या नेतो."

"जाईन," हरणाबाई म्हणाली. "एकलीच जाईन."

त्यानं मान डोलावली.

तिनं लुगडं झटकून दोरीवर टाकलं. मग ते वाक्य स्वतःशी एकदा म्हटलं, जसं म्हणायला हवं तसं. त्यापुढं आणखी एक, मग आणखी. त्या अंगणात इतक्या वर्षांनी ती पुन्हा मोठ्यानं कानडी बोलत होती, कुणाला उद्देशून ते ठाऊक नाही. धनाजीला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यानं अर्थ विचारला नाही. ती बोलत राहिली आणि तो पायरीवर बसून ऐकत राहिला.