झेंडूचे तीन फोटो

मुलीनं बापाला पासष्टाव्या वाढदिवसाला कॅमेऱ्याची लेन्स घेऊन द्यायची म्हटलं, तर त्यात संशय घेण्यासारखं काय आहे? पण देवीदास ठवकरांना संशयाला फारसं निमित्त लागत नसे. उभी हयात रेल्वेचं इंजिन चालवण्यात गेली होती. तिथं सिग्नल दिसला की एकानं त्याचा रंग मोठ्यानं सांगायचा आणि दुसऱ्यानं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच, तोच पुन्हा म्हणायचा. एकट्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचाच नाही. ही सवय ते निवृत्तीबरोबर घरी घेऊन आले आणि घरच्यांनी ती सोसली.

त्यांना हवी होती झूम लेन्स. डिसेंबरात तीन जुने सोबती घेऊन जगदलपूरला जायचं ठरलं होतं. धबधबा, बाजार, माणसं, जवळचं-लांबचं सगळं एका लेन्समध्ये निघालं असतं. हिंदी मुलखात वाढलेली ही मुलगी, निधी, मात्र आठवडाभर मॅक्रोचं, म्हणजे अगदी जवळून बारीकसारीक टिपणाऱ्या लेन्सचं, तुणतुणं वाजवत होती. गच्चीवर कुंड्या आहेत, मुंग्या आहेत, मधमाश्या आहेत. "खुर्ची डालके आराम से बैठो ना बाबा," असं ती म्हणाली तेव्हाच ठवकरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हिला बापाला खुर्चीत काहून बसवायचंय?

मग त्यांनी एकेक गोष्ट जुळवायला घेतली. त्यांची स्कूटर महिनाभर दुरुस्तीतच होती. बायको कमलाबाई हल्ली चहा अर्धाच कप देत, आणि सदरा वरची दोन बटणं सोडून आधीच लावून ठेवत. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी छाती तपासली, नंतर निधीला आत बोलावलं. नक्कीच छातीत काहीतरी निघालंय, आणि मायलेकींनी मिळून जगदलपूर रद्द करायचा घाट घातलाय. ते मनातून चिडले, आणि खरं सांगायचं तर घाबरलेही.

आता गंमत अशी की लपवाछपवी तेही करत होते. गेल्या दिवाळीपासून त्यांचा उजवा हात थरथरत होता, आणि ही गोष्ट त्यांनी घरात कुणाला कळू दिली नव्हती. हात खिशात, नाहीतर वर्तमानपत्राखाली. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असा कारभार.

रविवारी सकाळी तात्यापाऱ्यातल्या घरून निधीच्या स्कूटीवर मागे बसून ते सदर बाजारात लोकेशच्या दुकानात गेले. लोकेश कॅमेरेवाला जुना ओळखीचा. त्यानं दोन्ही लेन्स काउंटरवर ठेवल्या आणि अंकल, दोन्ही लावून बघा, म्हणाला.

ठवकरांनी आधी झूम लावली आणि दारातूनच समोरच्या कापडवाल्याची पाटी टिपली. अक्षर न् अक्षर स्वच्छ आलं. मग मॅक्रो लावून देवाच्या तसबिरीवरचा झेंडू जवळून टिपला. फोटोत पाकळ्यांचा नुसता पिवळा चिखल दिसला. दुसरा फोटो घेतला, तोही तसाच. तिसऱ्याला त्यांनी श्वास रोखला, कोपर काउंटरला टेकवलं. तोही फोटो फरफटलेलाच.

लोकेश हळूच म्हणाला की मॅक्रोचं असंच असतं, जितकं जवळ जावं तितकं हाताचं हलणं मोठं होऊन दिसतं. झूमच्या आत मात्र ते हलणं सावरून घेणारी सोय आहे.

"नहीं भैया, लेन्स में ही गड़बड़ है," निधी घाईघाईनं म्हणाली. "दूसरा पीस दिखाओ."

ठवकरांनी तिच्याकडे पाहिलं. तिचं लक्ष लेन्सकडे नव्हतंच. ती त्यांच्या हाताकडे बघत होती, आणि तिनं चटकन नजर वळवली. त्याच क्षणी अर्धा कप, लावलेली बटणं, न येणारी स्कूटर, डॉक्टरांनी निधीला आत बोलावणं, सगळे डबे एका गाडीला जोडले गेले. त्यांच्यापासून कुणी काही लपवत नव्हतं. ते जे लपवत होते, ते फक्त त्यांना कळू न देता सांभाळलं जात होतं. त्यांना लाज वाटली. लाजेमागून पोरीबद्दलचं प्रेम दाटून आलं.

त्यांनी लोकेशला झूम बांधायला सांगितलं. मग उजवा हात काउंटरवर उघडा ठेवला आणि इंजिनात बोलत तसं मोठ्यानं, स्पष्ट म्हणाले, "माया हात हालून राहिला."

 लहानपणी बापाच्या मांडीवर बसून निधी सिग्नलचा हा खेळ खेळली होती, त्यामुळे आता आपली पाळी आहे हे तिला ठाऊक होतं. तिनं त्या हाताकडे नीट, पुरेसा वेळ पाहिलं.

"हव बाबा," ती म्हणाली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा हिंदी सोडून बोलली, "तुमचा हात हालून राहिला."

"उद्या डॉक्टर. डिसेंबरात जगदलपूर."

"उद्या डॉक्टर," ती म्हणाली. पुढचं म्हणायला तिला जरा वेळ लागला. ठवकर वाट पाहत थांबले. स्वतः पाहिल्याशिवाय दुसऱ्यानं म्हणायचं नसतं.