कडी काढलेले दार

मी एक जुने दार आहे. दार म्हटले की तुम्हाला घंटी, नावाची पाटी, पायपुसणे आणि हसत आत येणारे पाहुणे आठवत असतील. ते दार मी नव्हे. ते पुढच्या खोलीला आहे आणि त्याचा तोरा मोठा आहे. मी मागच्या बोळात, स्वयंपाकघराला लागून उभे आहे. मी संडासाचे दार आहे. हसा, मित्रांनो, खुशाल हसा. हसून झाले की मात्र नीट ऐका, कारण या घरातल्या काही गोष्टी त्या तोऱ्याच्या दाराला कधीच कळल्या नाहीत.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. फळ्या चांगल्या होत्या, पण एका फळीत गाठ निघाली. सुताराने मला उलटून पालटून पाहिले आणि हे मागच्या बाजूला चालून जाईल असे म्हणून बाजूला टेकवून ठेवले. त्या एका वाक्याने माझ्या नशिबाचा निकाल लागला. मला काही दिवस फार वाईट वाटले. मग मी या घरात आले आणि मला एक गोष्ट समजली. पुढच्या दाराशी लोक थांबून बोलतात, पण पळत येतात ते माझ्याकडे. गरज कुणाची जास्त आहे, ते तुम्हीच ठरवा.

या घराचा कर्ता माणूस रंगारी आहे. सगळा शेजार त्याला रंगारी म्हणूनच ओळखतो. दुसऱ्यांच्या घरी उरलेला रंग डब्याच्या तळाशी घेऊन तो यायचा आणि तो रंग माझ्या अंगावर चढायचा. त्यामुळे माझ्या अंगावर एका शाळेचा पिवळा आहे, एका दवाखान्याचा हिरवा आहे आणि एका हौशी बाईंच्या बैठकीतला जांभळाही आहे. पण रंग उरलेला असला तरी रंगाऱ्याने माझे काम कधी उरकले नाही. एक थर दिला की त्याला तो एक हात म्हणायचा. पहिला हात वाळेपर्यंत थांबायचा, बोट लावून बघायचा आणि मगच दुसरा हात मारायचा. दुसऱ्या हाताशिवाय त्याने कुणाचेही घर सोडले नव्हते. गिऱ्हाईक पुरे म्हणाले तरी तो शिडीवरून उतरत नसे. बाकी माझे कौतुक कुणी केले नाही, पण त्या दोन हातांमुळे मला कशाची कमतरता वाटली नाही.

त्या थरांनी एक मात्र खोड लावली. माझ्या कडीवरही रंग बसत गेला आणि ती हट्टी झाली. जोर केल्याशिवाय लागायची नाही आणि लागली की निघायचे नाव घ्यायची नाही. तिच्याकडे सगळ्यांनी कानाडोळा केला. संडासाच्या दाराची कडी दुरुस्त करायला सवड कुणाला असते?

आता खरी गोष्ट. एके दिवशी रंगारी आत नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला. मग त्याने पुन्हा पुन्हा पाणी ओतले आणि फरशी नीट निरखून पाहिली. मी ते पाहिले होते. रक्त होते. बाहेर पडताना तो शीळ घालत होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झाले, पाणीही तसेच आणि शीळही तशीच. त्याने घरात कुणालाही ताकास तूर लागू दिली नाही. त्याची बायको बोळाच्या टोकाला शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवते. चेहरा का उतरला, असे तिने विचारले की उन्हात काम आहे म्हणून, असे उत्तर मिळायचे. मित्रांनो, मला सारे ठाऊक होते आणि मी फक्त उघडू आणि मिटू शकत होते. या घरात मला दुःख झाले ते फक्त त्या दिवसांत.

मला जास्त भीती वाटायचे कारणही होते. रंगाऱ्याचा थोरला भाऊ, तोही रंगारीच, आतड्याच्या दुखण्याने गेला होता. ते दुखणे कळले तेव्हा फार उशीर झाला होता.

शेवटी रंगाऱ्याला शिडीवर भोवळ आली. बायकोने त्याचे काही एक न ऐकता त्याला डॉक्टरांकडे नेले. भावाचे दुखणे ऐकून त्यांनी दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहायचे ठरवले. त्याआधी पोट असे साफ व्हायला हवे, की शेवटी पाण्यासारखे पिवळसर आणि स्वच्छ यावे. त्यासाठी एक पांढरी पूड मिळाली. ती पाण्यात मिसळून अर्धी आदल्या संध्याकाळी आणि अर्धी तपासणीच्या दिवशी पहाटे प्यायची. नर्सबाईंनी बजावले होते, की हे औषध कुणाला अर्ध्या तासात लागू पडते तर कुणाला दोन-तीन तास लावते, म्हणून प्यायल्यावर घराबाहेर पडू नका. हे सगळे बायकोने यंत्रावर बसल्या बसल्या जावेला फोनवर सांगितले, तेव्हा मला कळले. रंगारी नर्सबाईंपुढे मान डोलवत होता म्हणे. ऐकत होता की नाही ते विचारू नका.

संध्याकाळी त्याने तोंड वाकडे करत पेल्यामागून पेला रिचवला. मग स्टूल घेऊन तो माझ्यासमोर बसला आणि बसची वाट पाहावी तसा माझ्याकडे पाहत राहिला. तास गेला. पोटात साधी गुडगुडसुद्धा नाही. कुठला रंग किती वेळात वाळेल हे बोट लावून सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोटाचा अंदाज येईना. पूड जुनी निघाली, असे त्याने जाहीर केले आणि बूट घातले. कोपऱ्यावरच्या कापडवाल्याला दुकानाच्या शटरचा रंग ठरवायचा होता. बायको शिवलेले गणवेश पोचवायला गेली होती, त्यामुळे अडवायला घरात कुणी नव्हते.

पुढची हकिकत कापडवाल्याने नंतर पोट धरून हसत सांगितली. त्याने शटरला निळा बरा की राखाडी, एवढेच विचारले आणि मान वर करून पाहतो तर समोर रंगारी नाही. मी ऐकली ती जिन्यावरची पावले. एवढ्या घाईने माझ्याकडे आजवर कुणी आले नव्हते. तो आत शिरला, त्याने सगळी ताकद लावून कडी लावली आणि वेळेत पोचल्याबद्दल आम्हा दोघांचाही जीव भांड्यात पडला. पण कडी लागली ती लागलीच. बायको परत आली तेव्हा रंगारी आत आणि कडी जागच्या जागी. तिने फटीतून शिवणकामाची कात्री घालून ती कशीबशी सरकवली. एवढे होऊनही ती त्याला रागावली नाही, कारण तिला हसू आवरत नव्हते.

झोपेपर्यंत त्याच्या फेऱ्या चालू राहिल्या. मग पोट शांत झाले. पहाटे त्याने उरलेल्या औषधाचा जग उचलला, स्वतःच्या सपाट पोटावरून हात फिरवला आणि आत येऊन सगळे औषध ओतून टाकले. पोटात आता काही उरलेच नाही, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. बायकोने रिकामा जग पाहिला आणि तिला समाधान वाटले.

दवाखान्यातून ती दोघे लवकर परतली. आतडे पुरेसे साफ नव्हते, काहीच नीट दिसेना, म्हणून तपासणी अर्ध्यावर थांबवावी लागली होती. डॉक्टरांनी नवी तारीख दिली. बायको बराच वेळ नुसते यंत्र चालवत राहिली, आणि त्या यंत्रात कापड नव्हते. रंगाऱ्याने मात्र पुन्हा त्या वाटेला जाणार नाही असे सांगून विषय संपवला. दोन दिवसांनी पुन्हा पाणी ओतल्याचा आवाज आला.

तारखेच्या थोडे आधी वहिनी आल्या. थोरल्या भावाची बायको. गणवेशांच्या कामात हातभार लावायला आले, असे त्यांनी सांगितले आणि खरोखर काजे करायला बसल्या. उपदेशाचा एक शब्द त्यांनी काढला नाही. त्यांच्यासमोर नाही म्हणायची रंगाऱ्याला हिंमत झाली नाही, आणि त्याने पुन्हा संध्याकाळचे औषध घेतले. त्याआधी बायकोने स्क्रू काढून माझी कडीच उतरवली. अशक्तपणाने भोवळ आली तर आत अडकायला नको, असे नर्सबाईंनीही सांगितले होते. कडी नाही म्हणून रंगारी कुरकुरला, तेव्हा आपण कुणी बोळात फिरकणार नाही अशी हमी दोघींनी दिली. वहिनींनी पत्ते काढले. दुसरा डाव चालू असताना पूड कामाला लागली आणि तो हुकमाचे पान टाकून उठला. यावेळी बूट पायात नव्हते.

पहाटे सगळे जागे झाले. उरलेले औषध पेल्यात तयार होते. रंगारी तो पेला हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पोट साफ आहे. काल सगळं निघून गेलंय. परत कशाला?"

त्याची बायको दिवा लावून आली. ती चिडली नव्हती. तिने शांतपणे विचारले, "एक हात मारून तुम्ही कुणाचं घर सोडलंय?"

"भिंत डोळ्यांना दिसते. हे कुठे दिसतं?"

"म्हणूनच तर," ती म्हणाली.

वहिनी बोळाच्या टोकाशी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी काजे करायला घेतलेला गणवेश खाली ठेवला. "तुमचे दादा असेच दार लावून बसायचे, भाऊजी. मी बाहेरून विचारायचे, बरं आहे ना? आतून हो यायचं. वर्षभर हो येत होतं. मी त्या हो वर विश्वास ठेवला." मग त्यांनी विचारले, "तुम्हाला रक्त कधीपासून पडतंय?"

मी उघडेच होते, त्यामुळे आत जाऊन मला लावून घेण्याची त्याची सोय होती. त्याची नजर माझ्याकडे गेलीही. पण तो तिथेच उभा राहिला.

"सहा महिने झाले," तो म्हणाला. "डॉक्टरांना एकदाच पडलं म्हणून सांगितलं. मला दादासारखं असेल तर ते कळायलाच नको होतं."

बायकोने तोंडावर पदर धरला. ती रडत होती. मग तिने डोळे पुसले, त्याच्या हातातला पेला सरळ धरला आणि तो पूर्ण पिईपर्यंत तिथून हलली नाही. बाकीचे पेलेही त्याने एकेक करून घेतले.

यावेळी औषधाने वाट पाहायला लावली नाही. तो आत बसला आणि मी नुसते टेकून उभे राहिले. कडीशिवाय मी त्याची लाज कशी राखणार, अशी मला काळजी होती. पण दोघी कबूल केल्याप्रमाणे बोळाच्या टोकाला, पाठ फिरवून बसल्या होत्या. मध्येच आतून आवाज आला.

"वहिनी, आहात ना?"

"आहे, भाऊजी."

"भीती वाटते हो."

"वाटू दे. आम्ही इथेच आहोत."

उजाडेपर्यंत पाण्यासारखे स्वच्छ पिवळसर येऊ लागले. शेवटचा पेला होऊन दोन-अडीच तास झाले आणि हळूहळू जोर ओसरला. मग त्याने कपडे बदलले, तिघे जिना उतरून गेले, आणि घरात मी आणि पुढचे दार एवढेच राहिलो. त्या दिवशी आम्ही दोघेही सारखेच वाट पाहणारे होतो.

ते आले तेव्हा मला पहिल्यांदा हसण्याचा आवाज आला. डॉक्टरांना आतडे लख्ख दिसले होते. आत मांसाचे दोन छोटे कोंब होते. तिथूनच रक्त यायचे. ते तिथल्या तिथे काढून टाकले होते. पुढे काही दिवसांनी त्यांच्या तपासणीचा निकाल आला. कोंब घातक झाले नव्हते, पण तसेच राहिले असते तर पुढे झाले असते. आता ठराविक काळाने पुन्हा तपासून घ्यायचे, एवढेच. तपासणीच्या दिवशी संध्याकाळी रंगाऱ्याने भात, उकडलेले बटाटे आणि दोन अंडी खाल्ली आणि वहिनींनी त्याच्याकडे पाहत स्वतःचे जेवण थंड होऊ दिले.

पण रंगारी तो रंगारीच. औषधाचा असर अजून किती वेळ राहील या धास्तीने तो दुसऱ्या दिवशी शिडीवर चढेना. असर तर केव्हाच उतरला होता. मग दोन दिवस पोट हालेना तेव्हा तो नव्याने घाबरला आणि माझ्यामागे जाऊन नुसता बसून राहू लागला. बायकोने नर्सबाईंना फोन केला. त्या हसून म्हणाल्या, की रिकामे कोठार भरायला दोन-तीन दिवस द्या की. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे सुरळीत झाले आणि ही बातमी त्याने स्वयंपाकघरात येऊन मोठ्या आवाजात सांगितली. असल्या बातम्या या घरात पूर्वी कुणी सांगत नसे.

त्यानंतर कामावर चहाच्या वेळी तो हे सगळे बोलू लागला. शटरची फजिती सांगून हसवायचा आणि मग मुद्द्यावर यायचा. एका रविवारी त्याच्याबरोबर काम करणारा नळवाला घरी आला. आमचा नळ गळत नव्हता. तो इकडची तिकडची चौकशी करत राहिला, टाकी पाहिली, माझ्या शेजारचा नळ विनाकारण उघडून बंद केला. रंगाऱ्याने थोडा वेळ ते पाहिले आणि स्टूल त्याच्याकडे सरकवले.

"बस. रक्त पडतंय का?"

नळवाला मान खाली घालून म्हणाला, "हो. कुणाला सांगितलं नाही अजून."

"मला सांगितलंस ना आता," रंगारी म्हणाला. "उद्या मी बरोबर येतो."

मित्रांनो, मला जपा असे मी तुम्हाला सांगणार नाही. लाकूड आहे, टिकेन. माझ्यामागे बसताना खुशाल लाजा, ते तुमचे स्वतःचे आहे. पण काही दुखले, काही वेगळे दिसले, तर बाहेर येऊन आईला सांगा, बाबांना सांगा, कुणाला तरी सांगा. आणि औषध दिले तर ते शेवटच्या घोटापर्यंत घ्या. मला सांगून काही उपयोग नाही. मी सगळे ऐकते, पण मला कुणाकडे जाता येत नाही.