शिळं मलम

धाकट्या भाग्येशचं लग्न लागलं ते वर्ष, म्हणजे दोन हजार तेवीस. नवरीच्या हाताची मेंदी उतरली नव्हती, तोच भटूआप्पा केळीच्या बागेत पडले. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. उरला एकच शब्द. काहीही सांगायला तोंड उघडलं की बाहेर यायचं, "चहा."

दवाखान्यातून सुटायच्या दिवशी सिस्टरनं पांढऱ्या मलमाची ट्यूब नव्या सुनेच्या, रंजिताच्या हाती दिली. पडून पडून आप्पांच्या माकडहाडापाशी साल निघाली होती.

"घासून काढायचं नाही," सिस्टर म्हणाली. "वरची घाण हलक्या हातानं पुसा. चिकटलेला थर राहू द्या, त्यावरच नवा लावा. त्यानं ओल कातडीला लागत नाही, खालून नवी कातडी आपोआप धरते. आणि कूस बदलत राहा."

आप्पांची बायको जमनाबाई तेव्हा खाली रिक्षा बघायला गेली होती. ऐकलं ते रंजितानं आणि आप्पांनी.

पण सासऱ्याच्या कमरेखालची गोष्ट नव्या सुनेनं चार माणसांत काढायची कशी? डोक्यावरचा पदर सावरत तिनं ट्यूब सासूच्या हाती दिली. "सिस्टरनी दिन्ही शे. लावानी." एवढंच. आठवड्यात भाग्येशबरोबर ती सुरतेला गेली.

प्रकाशा गावातल्या त्या घरात मग दोघंच उरली. जमनाबाईचं सगळं लख्ख. पाण्याचा हंडासुद्धा ती रोज चिंचेनं घासायची. सकाळी आप्पांना भिंतीकडे वळवायची, साबणाचं फडकं घ्यायची.

"कालदिनं शिळं मलम अंगवर कसं ठेवानं?"

पांढरा थर ती घासून घासून काढी. रात्रीतून धरलेली कोवळी कातडीही त्याबरोबर निघे. मग नवं मलम, अगदी मायेनं. भिंतीला तोंड लावून आप्पा मनात ओरडत, राहू दे, जमना, राहू दे ते! बाहेर येई, "चहा! चहा!"

"आणस ना. जरासा दम धरा!"

चहा येई. बशीनं पाजला जाई. मग अंथरूण भिजे, आणि भिजलं की पुन्हा साबण. आप्पांनी मान हलवली तर तिला वाटे, झोंबतंय. डाव्या हातानं मनगट धरलं तर ती तो हात कुरवाळत बसे.

शेजारची भिकुबाई दारातून हसायची. "जमनाक्का, आप्पाना जीव चहामा शे, तुन्हामा नही!"

"ऱ्हाऊ दे वं. चहा तरी गोड लागस त्यासले."

जखम रुपयाएवढी होती, ती तळहाताएवढी झाली. वास यायला लागला. आपल्याच हाताला गुण नाही म्हणून जमनाबाई रडली, आणि दुसऱ्या दिवसापासून दोनदा घासू लागली. आप्पांना दिसत होतं, हिच्याच हातानं आपण सडणार, आणि हिला ते कधीच कळणार नाही.

श्रावणात घरात कानबाई देवी बसायची होती. आप्पांची खाट पुढच्या ओट्यावर होती. जमनाबाई समोरचं अंगण सारवत होती. जुनं सारवण तसंच ठेवून त्यावर शेणाचा हात फिरवत होती. आप्पा बघत राहिले. मग डाव्या हातानं खाट बडवू लागले. "चहा! चहा!"

ती हात धुऊन चहा घेऊन आली. आप्पांनी डाव्या हातानं बशी उडवली. चहा थेट ओल्या सारवणावर.

"येडा व्हई ग्यात का? मन्हं सारवण खराब करी टाकं!"

चिडून ती खाली बसली. चहा फडक्यानं टिपला, आणि वरूनच शेणाचा नवा हात फिरवला. आप्पांनी बोट त्या जागेकडे केलं, मग स्वतःच्या कमरेकडे. पुन्हा अंगणाकडे, पुन्हा कमरेकडे. "चहा, चहा, चहा." डोळ्यांतून पाणी चाललेलं.

जमनाबाईचा शेणाचा हात तसाच राहिला.

"खरडानं नही?" ती हळूच म्हणाली. "वरथीनच लावानं?"

आप्पांनी डोळे मिटून घेतले.

त्या दिवसापासून साबण लांब राहिला. कड आधी धरली, मग मधली जागा, आणि दिवाळीपर्यंत जखम भरून आली. आप्पा मात्र खाटेवरच. "चहा" म्हटलं की ती आता आधी त्यांच्या डोळ्यांकडे बघायची, मग उठायची.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे जमनाबाई कलंडली. आप्पांना खाटेवरून दिसत होतं. ते "चहा, चहा" ओरडत राहिले. भिकुबाईनं भिंतीपलीकडून ऐकलं आणि हसली.

जमनाबाई त्याच सकाळी वारली, दोन हजार तेवीसच्या नोव्हेंबरात. आप्पा अजून आहेत.