थापी उडेपर्यंत

गुळाची ढेप. वटवाघळांची घाण. साहेबांची पांढरी शेरवानी. तान्ह्या पोरीचा पाळणा.

यांचा एकमेकांशी काय संबंध? मित्रांनो, हे सगळं एकाच छतापाशी आलं. आजही आठवलं की मला शिसारी येते.

मी बाभळीची जुनी थापी. नळदुर्गच्या कल्याणप्पा सुतारानं मला घडवलं. छतावर चुना पसरला की बायका ओळीनं बसून थापीनं तो ठोकतात, गाणी म्हणतात. चुना दगडासारखा झाला की थापी टणकन उडते. ती उडेपर्यंत गाणं थांबवायचं नाही, हा आमचा रिवाज. माझी मालकीण कडूबाई. तिच्या हातात मी गुळगुळीत झाले. "थापी असावी तर अशी!" लोक म्हणायचे.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. वैशाखातल्या वादळात वाटसरूंच्या जुन्या सराईवर चिंच कोसळली, छताला भगदाड पडलं. खालची खोली सराई झाडणाऱ्या जमिलाबीची. तिची तान्ही गुलबानो तिथंच निजायची.

दुरुस्तीचं काम मुकादम हिंमतरावाकडं. चुन्यात घालायचा गूळ त्याच्या दारूच्या हंडीत गेला. भगदाडावर बांबूची तट्टी टाकून त्यानं वटवाघळांची घाण अन् कुजका पाचोळा भरला. वर बोटभर चुना. थू!

"मुकादम, ह्या उकिरड्याखाली लेकरू निजतंय," कडूबाई म्हणाली.

"तू बडव की बाई! उद्या तपासणीचे साहेब बघून गेले की झालं."

"मग गाणं कवा थांबवायचं?"

"रिवाज ठाव न्हाय का तुला?"

"ठाव हाय की!"

दुसऱ्या दिवशी तिनं वरूनच हाक दिली, "जमिलाबी, पाळणा भाईर न्या!" तिनं नेला.

साहेब खोलीत शिरून वर पाहू लागले. छतावरून मुकादमानं 'थांबा' म्हणून हात हलवला. बाकीच्या बायका थांबल्या. कडूबाई गातच राहिली. मी उडतच नव्हते ना! पचपच रुतत होते.

"ए, बस कर!" मुकादम खेकसला.

"गाने दो. अच्छा गाती है," साहेब खालून म्हणाले.

अन् भसकन सगळी घाण त्यांच्या शेरवानीवर!

"तौबा! ये क्या गंदगी है?"

"हुजूर, थापी... थापीच जड हाय!"

ऐकलंत? घाण त्यानं भरली, दोष माझा. साहेबांनी मुकादमाला हाकललं आणि छत नव्यानं करवलं. पण त्याआधीच मुकादमानं मला उकिरड्यावर भिरकावलं होतं. नव्या छतावर दुसऱ्या थाप्या उडाल्या. मी तो आवाज कचऱ्यात पडून ऐकला.

जमिलाबीनं मला शोधून धुतलं. पुढं ती मला घेऊन गोधड्या बडवायची. "हिनंच माझी पोर वाचवली," म्हणायची. तरी पुन्हा एकदा पक्क्या चुन्यावरून उडावं, असं अजून वाटतं.

मित्रांनो, फुटलेलं नीट सांधा. घाणीवर चुना फासू नका. खाली कुणीतरी निजलेलं असतं.

वादळाच्या आदल्या वर्षी जमिलाबी नवरी होऊन त्या खोलीत आली, तेव्हा धो धो पाऊस होता. थापी उडेपर्यंत ठोकलेलं ते जुनं छत गळलं नव्हतं.