वपा दाखवायचा मान

मेडिकल कॉलेजातल्या शरीररचनेच्या हॉलमध्ये मावशींनी सव्वीस वर्षं काढली. देह धुवायचे, फॉर्मालीनमध्ये भिजवलेली कापडं त्यांच्यावर घालायची, सुऱ्या-चिमटे मांडायचे, हे त्यांचं काम. पण वर्षातला एक दिवस त्यांचा असे. पोट उघडायच्या दिवशी जुने सर टेबलापासून बाजूला सरत आणि म्हणत, "मावशी, दाखवा यांना."

मग मावशी जठराच्या खालच्या काठावरून लोंबणारा तो पिवळट, जाळीदार चरबीचा पदर बोटांवर अलगद उचलत. पुस्तकात त्याला वपा म्हणतात. सर सांगत, ही आतड्यांवर पांघरलेली असते, आणि पोटात कुठं सूज आली की तिथं जाऊन चिकटते, दुखणं पसरू देत नाही. मावशी पुढं आपलं जोडत, "ही पोटातली थोरली जाऊ. कुठं आग लागली की आधी हीच धावते. पण एकदा चिकटली की हलायची नाही. ओढू नका." पोरं हसत. पुढं मोठाले सर्जन झालेलेही भेटले की विचारत, "काय मावशी, थोरल्या जाऊबाई बऱ्या आहेत ना?"

सर निवृत्त झाले आणि नव्या मॅडम आल्या. वय तिशीचं, आवाज गोड, हात हलका. गुळाला मुंगळे लागावेत तशी पोरं त्यांच्यामागं. एका दुपारी त्या म्हणाल्या, "मावशी, उद्या वपा मीच दाखवीन. तुम्ही जरा बसा, सकाळपासून उभ्याच असता."

काळजी दाखवून मान काढून घेतला की हिनं, असं मावशींना झालं.

घरी नवरा खुर्चीचा डुगडुगणारा पाय ठोकत बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, "लोकांच्या बायका तिजोरीच्या किल्ल्यांसाठी भांडतात. तू मेलेल्याच्या चरबीसाठी भांड."

"मी कुठं भांडतेय?"

"नाही, तू जळतेयस. भांडलीस तर मोकळी तरी होशील."

"अहो, तुम्ही तो पाय ठोका," म्हणून त्या आत गेल्या.

आता हॉलची एक रीत होती. देह धुताना जे दिसेल ते मावशींनी वर्गाआधी शिकवणाऱ्याच्या कानावर घालायचं. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती. मॅडमना ती ठाऊक असायचं कारण नव्हतं. या देहाच्या पोटावर उजवीकडं खाली ऑपरेशनचा जुना, पुसट व्रण होता. म्हणजे वपा तिथंच जाऊन चिकटलेली असणार. पोटाची भिंत आदल्या दिवशीच कापून बाजूला दुमडली होती, आतलं पातळ अस्तर तेवढं राखलं होतं. व्रण दुमडीखाली गेलेला. मावशींनी सकाळी त्यावर ओलं कापड घातलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

मॅडमनी अस्तर कापलं. समोर उघडी आतडी. पदर गोळा होऊन उजवीकडं ओढला गेलेला. त्यांनी चिमट्यात धरून तो हलकेच वर घ्यायला पाहिला. येईना. जरा जोर लावला, आणि जाळी टर्रकन फाटली.

मावशींना ते बघवेना. एकदा हात बसल्यावर त्यांच्याकडून कधी एक धागा तुटला नव्हता. आणि तरी आत कुठंतरी गार वाटलं, हेही खरं.

मॅडमनी बोटांनी चाचपून पाहिलं, दुमड उलटली, व्रण बघितला. मग सरळ म्हणाल्या, "हे माझ्या हातून फाटलं. मी आधी बघायला हवं होतं. मावशींना विचारायला हवं होतं."

पोरांच्या डोळ्यांत मॅडमविषयीचा आदर वीतभर वाढलेला मावशींना दिसला. सरांनी कधी पोरांपुढं चूक कबूल केली नव्हती. दिवस घेतला, पोरं घेतली, आता ही चूकसुद्धा हिचीच झाली. एवढी तरी हिला घेऊ द्यायची नाही.

"विचारायचं काय त्यात?" मावशी मागून म्हणाल्या. "सांगायचं काम माझं. मला ठाऊक होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

"का?"

"हा दिवस माझा असायचा."

कुणीतरी खोकलं. मॅडम रागावल्या होत्या, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण आवाज चढला नाही. "ते आपण नंतर बोलू. आता ही सोडवायची कशी, ते सांगा."

मावशी टेबलाशी आल्या. हात पुढं केला नाही; मागितला असता तर केला असता. "चिमटा ठेवा. बोटानं. चिकटलंय तिथून नाही, कडेनं शिरा. हां. आता थांबा, तिला वाट देऊ द्या."

मॅडमचं बोट आत शिरलं. थांबलं. पुन्हा सरकलं. एकही धागा न तुटता पदर सुटत सुटत मोकळा झाला आणि त्यांच्या हातावर पसरला. पोरं पुढं वाकली.

मावशींना हे जमायला चार वर्षं लागली होती. हात खरोखरच चांगला होता बाईचा, आणि नेमकं तेच त्यांना सोसेना.