राहू फक्त दिवाणखान्यात

आमच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी गल्ली स्टुलावरच्या घड्याळाकडे डोळे लावून बसली होती. मुहूर्त सांगणाऱ्या घटिकामहाराजांनी आपल्या काठीची जाड मूठ त्या घड्याळाला टेकवली, डोळे मिटले आणि आमच्याच घरचं, कालच नवा सेल घातलेलं घड्याळ बंद पडलं.

"राहूने काळ धरला," महाराज म्हणाले. "काटा हलेपर्यंत उंबरा ओलांडाल, तर पोटातल्या जिवाला धोका."

पोटातला जीव माझ्या मोठ्या जावेचा. आतल्या खोलीत तिला कळा सुरू झाल्या होत्या. सासूबाई बाहेरच्या दाराला कडी लावून दारातच बसल्या. मोठे दीर गाडीची किल्ली मुठीत धरून नुसते उभे.

"आई, तिचं पाणी गेलंय. दवाखान्यात न्यायलाच हवं," मी म्हटलं.

"तुझं विज्ञान शाळेत शिकव. इथे चालायचं नाही."

आत जाऊ माझा हात पिळत होती. "मला बाहेर काढ गं," एवढंच म्हणत होती. खिडकीला गज, दारात सासू. मला काही सुचेना. तेवढ्यात ध्यानात आलं, या खोलीतलं घड्याळ चालू होतं. माझ्या मनगटावरचंही. राहू काय फक्त दिवाणखान्यात बसतो?

मी बाहेर आले, पाया पडायला म्हणून वाकले आणि घड्याळाला टेकलेली काठी उचलली. काटा हलला.

"काठी ठेव, पोरी. भस्म होशील," महाराज ओरडले.

मी केसांतली पिन काठीच्या मुठीजवळ नेली. पिन टपकन चिकटली. "आई, यात लोहचुंबक आहे. त्याच्यापुढे सेलच्या घड्याळाचं यंत्र अडकतं. तुम्हीच बघा."

सासूबाईंनी उठून ती मूठ घड्याळाला टेकवली, काढली, पुन्हा टेकवली. काटा थांबला, हलला, पुन्हा थांबला.

"ग्रहांची लीला," महाराज पुटपुटले.

"मग आता काठीवाचून करा," शेजारचे शिंपीकाका म्हणाले.

सासूबाईंनी जाऊन कडी काढली.

दवाखान्यात कळलं, बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. "आणखी उशीर झाला असता तर बाळ हाती लागलं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासूबाईंनी बाळाला छातीशी धरलं.

पंचांगाशी माझं भांडण नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश सरकला की तिथी बदलते, हे गणित खरंच आहे. राहुकाळ म्हणजे मात्र दिवसाचे आठ भाग करून एकाला दिलेलं नाव. त्या नावाला कुणाच्या कळा कळत नाहीत. आपल्याला कळतात. घरात कुणी तळमळत असेल, तर आधी त्या माणसाकडे बघा. आकाश कुठे जात नाही.